नंतर मोटर बसेल असं मशीन

माझी आत्या जुन्या शिलाई मशीनचे सुटे भाग बनवते. जे भाग कंपन्यांनी बनवणं कधीच सोडून दिलंय, तेच. गल्लीत तिला सगळे मायक्रॉनबाई म्हणतात. कपात चहा कमी आला तर ती किती कमी ते मोजून सांगेल, अशी तिची ख्याती. लग्न केलं नाही. "मापात बसला नाही कुणी," एवढं सांगून ती विषय संपवते.

तिच्याकडचं धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. ते आता पार खिळखिळं झालं होतं. नवं बघायला जायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती. "आत्ता हाताने चालवता आलं पाहिजे. आणि नंतर मोटर लावून कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी करता आलं पाहिजे."

"तुला तर कॉम्प्युटरचा कंटाळा आहे ना गं?"

"नंतर लागेल."

का लागेल ते मला माहीत होतं. आमच्या घरात हात जातात. आजोबांचे पन्नाशीनंतर थरथरायला लागले, मग थोरल्या काकांचे. आजोबा शेवटी शेवटी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसायचे. पाहुणा आला तरी उठायचे नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा प्यायला लागला. त्यांच्या खोलीतून ग्लासावर चमचा वाजत राहायचा, बराच वेळ. तो आवाज बंद होऊन वर्षं झाली. पण भिंतीपलीकडे काही किणकिणलं की आत्या अजूनही हातातलं काम थांबवते आणि ऐकत राहते.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. दुकानदार जाड भिंगांचा आणि तोंडाळ. पहिलं दाखवलेलं मशीन आत्याने लांबूनच नाकारलं. त्याचा खांब गोल होता. "याचं डोकं वरखाली केलं की थोडं फिरतं. मी डोळ्याने सावरून घेईन, मोटर कशी घेईल?"

उरली दोन. एक जुनं, एक नवं. दोन्हींचे खांब खाचेतून सरळ सरकणारे, दोन्हींच्या टेबलाखाली मोटर लावताना लागणारा बॉलस्क्रू बसवायला जागा.

"मोटर कधी लावणार?" दुकानदाराने विचारलं.

"लागेल तेव्हा."

"तसं नाही बाई. बॉलस्क्रू टाकला की टेबल इतकं हलकं सरकतं की हाताने धड कापता येत नाही. त्या दिवसापासून हातकाम बंद. म्हणून विचारतो."

आत्याने पिशवीतून केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारा डायल गेज काढला आणि जुन्या मशीनच्या टेबलाला टेकवला. हँडल थोडं फिरवलं, थांबली, तसंच धरून ठेवलं. काटा जागच्या जागी.

मग नवं. फिरवलं, थांबली, धरलं. काटा बारीक बारीक थरथरत राहिला.

"बघा!" दुकानदार खुलला. "नवं ते सगळं सोनं नसतं. याच्या बेअरिंगमध्ये खोट आहे. जुनंच न्या."

जुन्या मशीनचा स्क्रू इतका ढिला होता की हँडल जरासं हललं तरी ते टेबलापर्यंत पोचतच नव्हतं. नव्यात ती ढिलाई नव्हती. हातात जे असेल ते थेट काट्यावर येत होतं.

दुकानदाराने खात्रीसाठी स्वतः हँडल धरलं. काटा मेल्यासारखा पडून राहिला. त्याने आत्याच्या हाताकडे पाहिलं आणि उगाचच फडक्याने टेबल पुसायला लागला.

"झालं, हात दाखवून अवलक्षण," आत्या म्हणाली आणि हसली. आम्ही दोघं हसलो नाही.

"बाई, जुनंच न्या," तो आता हळू आवाजात म्हणाला. "सध्या काम भागेल. काही दिसणार नाही."

"म्हणूनच नको. आमच्या बाबांनाही काही दिसलं नाही. 'मशीन जुनं झालंय' म्हणत बसले. आम्हीही तेच म्हणत राहिलो. पेट्याच्या पेट्या माल परत आला तेव्हा मशीनचं नाव घेणं बंद झालं. त्यानंतर ते कारखान्यात उतरलेच नाहीत." तिने नव्या मशीनवर तळवा ठेवला. "हे द्या. मला रोज सकाळी कळू दे."

"आणि मोटर?"

"पट्ट्या, भोकं, सगळी तयारी करून ठेवा. काटा किती हलला की बस, ते मी ठरवेन. त्या दिवशी फोन येईल तुम्हाला."

दुकानदार बिल करायला आत गेला. गेज अजून टेबलाला लागलेलाच होता. आत्याने काटा शून्यावर आणला आणि बाजूला सरकली.

"तू धर बघू एकदा," ती म्हणाली. अगदी सहज.

"टेम्पो आला का बघते," असं म्हणून मी बाहेर आले.

टेम्पो अजून कुणी बोलावलाच नव्हता.