शंखांच्या पिशवीचं इंग्रजी उत्तर

मला इंग्रजी वाक्य बांधायला चाचीनं शिकवलं. मुरुडच्या आमच्या लॉजमागच्या गल्लीत ती राहते. मोहल्ल्यातल्या पोरांचे आखातात जायचे अर्ज आयुष्यभर तिनंच लिहून दिले. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

मी बुलडाण्याकडची. आठवीत शाळा सुटली. नवरा वारल्यावर मुलीला घेऊन इथं आले आणि लॉजवर चादरी धुवायला लागले. मालकांचा भाचा पुण्याला गेला तेव्हा काउंटर मला मिळालं, आणि त्याच्यासोबत मागची खोली. काउंटर गेलं की खोलीही गेली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पाहुण्यांनी फोनवर लिहिलेल्या तक्रारींना इंग्रजीत उत्तर देणं हे काउंटरचंच काम. मराठीत सांगितलं की फोन इंग्रजी करून देतो, पण ते बरं झालंय की वाईट, हे मला कुठं कळत होतं? म्हणून मी स्वतःच लिहायचे. सर सॉरी. वॉटर केम. फॅन गुड. प्लीज कम.

संध्याकाळी चहाच्या वेळी मालक ती उत्तरं व्हरांड्यातल्या पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. "ऐका, आमच्या मॅडम काय लिहितात! फॅन गुड!" पाहुणे हसायचे. ट्रे धरून मीही हसायचे. एकदा हसता हसताच ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत बघतो. नाही जमलं तर परत चादरी, आणि खोली रिकामी."

दुसऱ्या दुपारी मी वही घेऊन चाचीच्या दारात उभी राहिले.

ती गोड बोलून शिकवणारी नव्हती. पहिलं पान बघून म्हणाली, "ही काय तार हाय? कोन मेलं?" खिडकीतून कोळणींचे बोंबील दिसायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टांगलेले. "तसं अडकव. सुटा बोंबील दोरीवर ऱ्हात न्हाय." आधी तिनं बिकॉज शिकवलं, मग ऑलदो. "ऑलदो म्हणजे आधी समोरच्याचं मान्य करायचं, मग आपलं पुढं सरकवायचं. वजनाचं असेल ते शेवटी." चुकलं की वही खिडकीबाहेर जायची आणि मी खाली जाऊन आणायची. माझ्या मुलीसमोर म्हणायची, "तुझ्या आईपेक्षा माझी बकरी लवकर शिकेल." मी रडत खोलीवर यायचे, दुसऱ्या दिवशी परत जायचे. गावापासून इतक्या लांब माझ्यावर रोज तासभर घालवणारं दुसरं होतं कोण?

दोन महिन्यांत मालकांचं वाचन बंद पडलं. हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शिमग्याला आठ दिवस असताना एक कुटुंब राहायला आलं. त्यांच्या मुलानं किनाऱ्यावरून पिशवीभर शंख गोळा केले. आत जीव होते, सकाळपर्यंत खोलीभर घाण वास सुटला. इथलं कुणी असले शंख घरात ठेवत नाही. खोल्या झाडणाऱ्या मावशीनं, इथल्याच कोळणीनं, पिशवी माझ्यापुढं धरली. "काय करू गो हिचं?"

"फेकून दे," मी म्हणाले. पाहुणे खोली सोडून नाही, नुसते नाश्त्याला गेलेत, हे मी काउंटरच्या वहीत बघितलंच नाही.

घरी जाऊन त्यांनी लांबलचक तक्रार लिहिली. मुलगा दिवसभर रडला, लॉजवर शिस्त नाही, वगैरे. मालक फोन घेऊन आले. "वाचणारा आपल्या बाजूला वळला पाहिजे. आणि हे कुणी केलं ते त्यात आलं पाहिजे."

माझ्या डोळ्यांसमोर खोली आली. तासभर बसून लिहिलं. ऑलदोनं सुरुवात केली. सगळ्यांना कडक सूचना असल्या तरी एका सफाईवालीनं न विचारता पिशवी फेकली. पाहुण्यांच्या वस्तू आम्हाला मोलाच्या असल्यामुळे तिला कामावरून काढलं आहे. काढलं कुणीच नव्हतं. शेवटी काहीतरी वजनाचं हवं होतं, म्हणून मी ते घातलं.

मालकांनी दोनदा वाचलं. "व्वा! आता लिहिलंच आहेस, तर करूनच टाकू."

दुपारी, कामावरून काढल्यावर, मावशी आपला डबा न्यायला आली. "माझा नाव लिवलंस त्यात?"

"नाही."

"मंग बरा केलास, बाय. पोरीचा लगीन ठरतंय." माझ्या गालावरून हात फिरवून ती गेली.

तरीही मी फोन घेऊन चाचीकडे गेले. शाबासकी हवी होती, खोटं कशाला बोलू? तिनं चष्मा लावून वाचलं.

"वाक्य बरोबर हाय. एक चूक न्हाय. फेक म्हणून कुनी सांगितलं तिला?"

"मी."

"मग तू कुठं हायेस ह्यात?"

तिनं फोन माझ्या हातात ठेवला. "उद्यापासून येऊ नको. तुला आता येतंय."

काउंटर राहिलं, खोलीही राहिली. मुलगी इथल्याच शाळेत आठवीत आहे. चाचीच्या दारावरून जाताना मी चपला हातात घेते, आवाज होऊ नये म्हणून. हे लिहितानाही भीती वाटते, मालकांच्या हाती पडलं तर?

पण चाची, मुलीची दहावी होईपर्यंत मला ही खोली लागणार आहे. त्यानंतर एक दिवस मी मालकांना इंग्रजीत लिहून देईन की पिशवी फेकायला मी सांगितलं होतं. मग मावशीच्या घरी जाऊन तिला ते मराठीत सांगेन. आणि तोच कागद घेऊन तुमच्याकडे येईन. तुमचे उपकार मला दुसरं काही देऊन फिटायचे नाहीत. तुम्ही तो खिडकीबाहेर टाकलात तरी खाली जाऊन आणीन.