लापशीचा घास

मी मुळात उतावळा माणूस. दुकानात गिऱ्हाईक जरा रेंगाळलं तरी माझा पाय हलायला लागतो. त्यात बायकोच्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि माझी झोपच उडाली. टाके सुकले, पण किमोचा पुढचा डोस अडला. तिचं वजन उतरत होतं, आणि अंगात ताकद आल्याशिवाय डोस देता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती मात्र दोन घासांत ताट सरकवायची. "तोंड कडू झालं," एवढंच म्हणायची.

ऑपरेशनच्या दिवशीच मी पोहरादेवीला कबूल केलं होतं, हिचा इलाज पुरा होईपर्यंत अन्नाचा कण खाणार नाही. आमच्या मानोरा गावात सगळ्यांनी माझं कौतुक केलं. उपासाचे शेंगदाणे आणि केळी खाऊन मी दिवस काढत होतो आणि तिच्या उशाशी बसून "खा, खा" म्हणून तिला भंडावत होतो. मनात देवीशी भांडण चालूच होतं. मी माझा शब्द पाळतोय, तू काय करतेस? ही भक्ती होती की सौदा, हे स्वतःला विचारायची हिंमत नव्हती.

तपासणीसाठी तिला घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसलो. शेजारच्या बाकावर बंजारा तांड्यावरची एक म्हातारी होती, पोहरादेवीचं दर्शन घेऊन निघालेली. तिनं डबा उघडला आणि गुळाची लापशी माझ्यापुढे धरली.

"घे भाऊ, देवीचा परसाद हाय."

मी हात आखडला. "मले चालत नाही मावशी. या देवीसाठीच अन्न सोडलं."

"तिच्यासाठी सोडलं, अन् आता तिच्याच परसादाले नाही म्हणून राह्यला?"

प्रसाद नाकारायचा कसा? आणि नवस मोडला अन् हिला काही झालं तर? फार भ्यालो होतो मी. शेवटी डोळे मिटले, 'आता तुझं तू बघ' म्हणालो आणि घास तोंडात टाकला.

खिडकीशी बसलेल्या बायकोनं हात पुढे केला. "मले बी द्या." तिनं हातावरची लापशी संपवली आणि डब्याकडे पाहू लागली. म्हातारीनं पुन्हा वाढलं.

"तोंड कडू होतं ना तुहं?" मी विचारलं.

"कडू त हायेच. पण तुमी अन्न सोडून समोर बसता, मंग माह्या घशाखाली कसं उतरन?"

भर बसमध्ये मला रडू आलं.

म्हातारी कारंजाला उतरली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्या दिवशीही डोस मिळाला नाही. घरी आल्यापासून आम्ही दोघं एका ताटात जेवू लागलो, आणि पुढच्या खेपेला मिळाला.

अजून डोस बाकी आहेत. रिपोर्टच्या दिवशी माझा पाय अजूनही हलतो. पण देवीला आता मी काही कबूल करत नाही. ताटावर बसलो की हात जोडतो, "सांभाळ" म्हणतो आणि पहिला घास घेतो. मग ती घेते.