आईचा सभ्य आवाज

आमचं घर आईच्या आवाजावर चाललं. वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की घरात सुक्या मासळीशिवाय काही नसायचं. बाकीचे महिने आई हर्णेच्या बंदरावरून मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव ओरडत फिरायची. त्यात मी शिकले. घरातली पहिली पदवीधर मीच. कोणी विचारलं नाही तरी सांगते.

नोकरीही आवाजाचीच लागली. माणूस फोनमध्ये बोलला की घशात काही बिघाड वाटतो का, डॉक्टरकडे जायला हवं का, एवढं तो फोन सांगायचा. गावोगाव शिबिरं घेऊन मी आवाज गोळा करायचे. म्हणायला दिलेलं वाक्य शहरातल्या कोणा विद्वानाचं: 'मी रोज सकाळी उद्यानात फेरफटका मारते.' आमच्या बायका सकाळी कुठे असतात, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या वाडीत शिबिर लावलं ते खरं आईसाठी. तीन महिने तिचा आवाज बसला होता. दवाखान्याचं नाव काढलं की, "ओरडून बसलाय गो, आपोआप सुटेल."

शिबिराला बायका पावडर लावून आल्या. कोणी मिठाच्या गुळण्या करून, कोणी खडीसाखर चघळत. आणि मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, "नीट बोला. शुद्ध बोला. रेकॉर्ड होतंय."

झालं! लिलावात समुद्राला गप्प करणाऱ्या बायका हेडमास्तरांपुढे उभ्या राहिल्यासारख्या कुजबुजल्या. आईने पदर सारखा केला, घसा खाकरला आणि इतक्या नाजूक आवाजात उद्यानात फिरून आली की घोगरेपणा कुठल्या कुठे लपला. फोन म्हणाला, सगळं ठीक. सगळी वाडी ठणठणीत. वरिष्ठांनी माझं अभिनंदन केलं.

"बघ, पास झाले," आई म्हणाली. "फोनला कळतं, तुला नाय."

दुसऱ्या दिवशी सुकत घातलेल्या मासळीत बोका शिरला. "मेल्या, तुझ्या बापाची काय रे..." आणि आईचा आवाज मध्येच तुटला. तोंड हलत होतं, बाहेर नुसती हवा. तेव्हा कळलं, 'शुद्ध बोला' सांगून मी काय करून ठेवलं होतं ते.

मी फोन पुढे केला. "आई, बोल."

"काय? परत उद्यानात जाऊ?"

"नको. माझ्या लग्नावर बोल."

मग काय, पाच मिनिटं थांबलीच नाही. फोन म्हणाला, तज्ज्ञांना दाखवा.

"काल पास, आज नापास? सरकारी दिसतो तुझा फोन," आई म्हणाली. पण आली.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले, ते सांगत नाही. त्या दिवसांत सगळ्या वाडीचे आवाज पुन्हा घेतले, रोजच्या बोलण्यातले. चूक फोनची नव्हे, माझी, हे वरिष्ठांना लिहून कळवलं.

आईची गाठ काढली. ती कर्करोगाची नव्हती. आई बरी झाली.