दुसरीच्या डब्यातला बांगडा

सत्तरी ओलांडल्यावर बाईला कुणाचा हेवा वाटू नये म्हणतात. नवरा होता तेव्हा त्याच्यावरून मला कधी हेवा वाटला नाही. कुणी नजर टाकावी असं त्याच्यात काही नव्हतं. जावेच्या पाटल्या, शेजारणीचं स्लॅबचं घर, हे सगळं बघूनही मी पोटभर जेवले. पण दोन वर्षांपूर्वी ओरोसला माझा मुलगा एका परक्या बाईच्या डब्यातला बांगडा खाताना मला दिसला आणि पोटात असं काही पेटलं की ते अजून पुरतं विझलेलं नाही.

मुलगा एकुलता एक, आता चाळिशीला आलेला. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मासे शिजवायचा. चांगले शिजवतो, माझ्याकडूनच शिकला. लग्न केलं नाही. का केलं नाही ते तो विशीत असतानाच मला कळलं होतं. शेजारच्या वाडीतला एक जण रोज संध्याकाळी यायचा, दोघे माडांखाली बसायचे. त्या दुसऱ्याचं लग्न ठरलं तेव्हा माझा मुलगा तीन दिवस जेवला नाही. मी काही विचारलं नाही. पुढे स्थळं आली ती पत्रिका जुळत नाही म्हणून परत पाठवली. एवढं मी त्याच्यासाठी केलं आणि ते पुष्कळ झालं असं मला वाटत होतं.

मग एका पावसाळ्यात तो महिनाभर तापाने पडला. उठला तो अर्धा होऊन. त्यानंतर दर महिन्याला एकदा जिल्ह्याच्या गावी, ओरोसला जायला लागला. कचेरीत काम आहे म्हणायचा. घरात आपलं ताट वेगळं ठेवायचा, आपलं आपण घासायचा. मी वाढायला गेले की म्हणायचा, राहू दे, मी घेतो. एकदा मी त्याला मासा निवडून द्यायला हात पुढे केला तर त्याने ताट मागे ओढलं. मला वाटलं, म्हातारीच्या हाताची किळस आली.

धुवायच्या शर्टाच्या खिशात सरकारी दवाखान्याचा कागद सापडला. मी चौथी शिकलेय, मराठी वाचता येतं. पुढच्या महिन्यात तो निघाला आणि मी मागची एसटी पकडली.

दवाखान्यात विचारत विचारत त्या खिडकीपाशी पोचले. भिंतीवर कसल्या रोगाची खिडकी ते लिहिलेलं होतं. एचआयव्ही. मी ते दोनदा वाचलं. खरं लिहायचं तर त्या रोगासाठी मी रडले ती दुसऱ्या दिवशी. त्या वेळी मला खिडकीजवळचा बाक दिसला. बाकावर माझा मुलगा आणि त्याच्या शेजारी एक उंच, रुंद खांद्यांची बाई, हिरवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर. तिच्या मांडीवर डबा उघडा होता. ती तळलेल्या बांगड्याचा काटा काढत होती आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवत होती. आणि तो खात होता. हात मागे न ओढता खात होता, वर काहीतरी बोलून हसत होता. तिला तो ‘आये’ म्हणाला. लहानपणी मला तसं म्हणायचा. शाळेत जायला लागला आणि आई म्हणायला लागला.

मी भिंतीआडून परत फिरले. त्याला दिसले नाही.

ती बाई जन्माने पुरुष आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं होतं, आवाजावरून आणि हातांवरून. आमच्या वाडीत अशांना ‘तो’ म्हणतात आणि वर आणखी शब्द लावतात. मीही लावायचे. आता मी ‘ती’ लिहिते. मला तिचा जो हेवा वाटला तसा पुरुषाचा वाटत नाही.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं नाही. चढाओढ मात्र सुरू केली. तिसऱ्या दिवशी कालवं आणली, पाचव्या दिवशी शिरवाळ्या केल्या, तांदळाच्या शेवया, नारळाचा रस काढून. या वयात शेवया पाडायचा लाकडी शेवगा फिरवताना माझे खांदे निखळायचे बाकी राहिले. तो चार घास खाऊन ताट उचलायचा आणि विहिरीच्या काठावर बसून तिच्याशी फोनवर बोलायचा. आज गोळी घेतली, आज चक्कर आली नाही, आज हॉटेलात अमुक झालं. माझ्याशी त्याचं ‘होय’ आणि ‘नाय’ एवढंच होतं.

महिन्याभराने ती घरीच आली. ओल्या काजूचे गर घेऊन आली आणि न विचारता मागच्या दारी बसली. मुलाने सांगितलं, दवाखान्यात ओळख झाली, तिकडे नव्याने येणाऱ्यांना धीर द्यायचं काम करते. कसल्या दवाखान्यात ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती म्हणाली, “म्हातारे, तुज्या हातचां सांबारां खाऊक इलंय. तुजो झिल रोज वाखाणता.”

मी वाढलं. तिने चाटून खाल्लं आणि म्हणाली, “मीठ कमी आसा.”

“तुज्याच जिभेक तसां लागता,” मी म्हटलं.

दोघं हसली. तो तर डोळे पुसेपर्यंत हसला. माझ्या घरात तो इतका हसला त्याला किती वर्षं झाली होती, आणि हसला तो हिच्यासमोर. ती गेल्यावर मी तिचं ताट दोनदा घासलं. एकदा रोगाच्या भीतीने आणि एकदा रागाने.

मग मी ती चूक केली.

आमच्याकडे माणसाचं ऐकणारं कुणी उरलं नाही की ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. ते देवाच्या कानात सांगायची रीत नाही. नारळ ठेवायचा, काय हवं ते मानकऱ्याला सांगायचं, आणि मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्याने बोलतो. जमलेले लोक त्याच्या प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतात. जन्मभर मी ते ऐकत आलेय. शेताचं भांडण, हरवलेली म्हैस, सुनेचा पाय जड होत नाही, सगळं चारचौघांत बोललं जातं. तरी त्या सोमवारी माझं डोकं चाललं नाही. मला एवढंच कळत होतं की देवाला अर्धवट सांगितलं तर देव अर्धवट काम करतो. मी मानकऱ्याजवळ बसून सगळं सांगितलं. रोग सांगितला, ओरोसच्या गोळ्या सांगितल्या, ती बाई कोण ते सांगितलं, आणि तिच्या तावडीतून मुलाला सोडव म्हणून सांगितलं.

मानकरी ऐंशीचा. गाऱ्हाण्यातला शब्द गाळणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं, असं मानणारा. त्याने एक शब्द गाळला नाही.

“बा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराच्या झिलाक एडस् झालो आसा…”

“होय म्हाराजा,” वीस-पंचवीस माणसं सवयीने म्हणाली. मग काय बोललं गेलं ते त्यांच्या ध्यानात आलं. पुढच्या वाक्याला निम्मेच आवाज आले, शेवटच्याला एकटा घंटेजवळचा म्हातारा होता. नारळ फोडला तेव्हा तुकडा घ्यायला कुणी हात पुढे केला नाही.

दुपारपर्यंत हॉटेलात कळलं. मालकाने त्याला थोडे दिवस विश्रांती घे म्हणून सांगितलं. भटारखान्यातला माणूस म्हणजे लोकांच्या पोटाचा प्रश्न, असंही म्हणाला. मुलगा घरी आला, पिशवीत कपडे भरले, गोळ्यांची बाटली घेतली. मी दारात उभी होते. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“देवाक सांगलंस,” तो म्हणाला. “माका एकदा तरी इचारलंस?”

आणि गेला. कुठे गेला ते विचारायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी शेजारी हळदीचं पान मागायला गेले. चाळीस वर्षांचा शेजार. तिच्या बाळंतपणात मी रात्रंदिवस बसले होते. तिने पान दिलं, चहाही दिला, पण कागदी पेल्यात. तिच्या घरी कागदी पेले आहेत हेच मला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांच्या हातात कप होते. मी चहा प्यायले. पेला कुठे टाकू विचारलं तर म्हणाली, घरी जाताना घेऊन जा.

तो पेला हातात घेऊन मी पायवाटेने येत होते आणि मला माझा धाकटा दीर आठवला. तरी त्याच्याबद्दल पुढे आणखी ऐकावं लागणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी कुडाळची एसटी पकडली. त्या डबेवाल्या बाईचं घर पिंगुळीच्या बाजूला, विचारत गेले, दोन खोल्या, अंगण माझ्या अंगणापेक्षा स्वच्छ सारवलेलं. तेही मला खुपलं. मुलगा बाजारात गेला होता. तिने मला पाणी दिलं, तांब्याभांड्यातून. मी मुद्द्यालाच हात घातला. म्हटलं, नऊ महिने मी वाढवला, चाळीस वर्षं मी रांधून घातलं, आणि आजार झाल्यावर तो तुझ्याकडे कसा आला? तुझ्यात असं काय आहे?

ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “पयल्या दिवशी तेना माका काय सांगल्यान, म्हायत आसा? रोगाचां नाय. करवंटीचां.”

ती गोष्ट इथे लिहायला हवी. माझा धाकटा दीर ट्रकवर होता. तो हाच रोग घेऊन घरी आला आणि पडवीत पडून राहिला. तेव्हा या रोगाबद्दल आम्हाला नुसती भीती ठाऊक होती. मी त्याला घरातल्या भांड्यात वाढलं नाही. नारळाच्या करवंटीत पेज ओतायचे, दुरून सरकवायचे, आणि संपली की करवंटी टाकून द्यायची. मी स्वतः हात लावत नव्हते. टाकायला मुलाला पाठवायचे. काठीने ढकलत ने, म्हणून सांगायचे. तो दहा वर्षांचा होता. काका त्याला त्या पडवीतून गोष्टी सांगायचा. एक दिवस दिराने माझ्याकडे ताट मागितलं. मी दिलं नाही. त्यानंतर तो फार दिवस नव्हता.

“तुज्या झिलाक वाटला, आता आपली करवंटी,” ती म्हणाली. “म्हणान तेना आपणच ताट येगळा केल्यान. तू करूच्या आधी.”

 ते ऐकतानाही मनात आलं ते हेच, की ही माझ्या घरातली गोष्ट, माझ्या पडवीतली, आणि त्याने ती हिला सांगितली.

तिने मग मला लहान पोराला सांगतात तसं समजावलं. ताटाने, पाण्याने, हात लावल्याने हा रोग लागत नाही. गोळी रोज वेळेवर घ्यायची, चुकवायची नाही, मग माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. ती स्वतः पंधरा वर्षं घेते आहे. तिच्या घरच्यांनी तिला साडीपायी बाहेर काढलं, रोगाचं कळायच्या कितीतरी आधी. आई अजून आहे, त्याच तालुक्यात. बाजारात दिसली तर वाट बदलते. हे तिने तांदळातला खडा काढून टाकावा तसं सांगितलं.

मी म्हटलं, परत देवळात जाते. चुकलं म्हणून गाऱ्हाणं घालते, सगळ्यांसमोर.

“घाल,” ती म्हणाली. “आनी ह्या वेळाक पण तेका इचारू नको.”

एवढ्यात मुलगा आला. मला बघून दारातच थांबला. हातातली भाजी तिच्याकडे दिली, माझ्याकडे नाही. मी त्याला म्हटलं, घरी ये. तो म्हणाला, आता नाही. मी विचारलं, मग कधी?

त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “चवथीक येतंय. ही पण येतली. पानां एकाच वळीत मांडूची.”

माझ्या तोंडावर आलं होतं की चवथ घरच्यांची असते. मी ते गिळलं. होय म्हटलं.

चतुर्थीला दोघं आली. त्या वर्षी आरतीला वाडीतली माणसं कमी होती, आणि आली त्यांतलीही बरीच अंगणातून हात जोडून गेली. मानकरी मात्र आला. पाटावर बसला, मोदक मागून घेतला, दुसराही घेतला. माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं, मीही टाळलं. आम्हा दोघांचा त्यात हात होता.

मी केळीची पानं एका ओळीत मांडली. मुलगा, त्याच्या शेजारी ती, मग मानकरी. भात वाढला, अळूची भाजी वाढली, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. मुलाच्या पानावर माझा पळा गेला तेव्हा मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्याने पान मागे ओढलं नाही. दुसऱ्यांदा सांबारं मागितलं. मी वाढलं आणि त्याने त्यातलं अर्धं आपल्या हाताने हिच्या पानावर सरकवलं. मी ते वाढलं होतं त्याला.

“आज मीठ बरां आसा,” ती म्हणाली.

जेवणं झाली. मुलगा सवयीने आपलं पान उचलायला वाकला. मी म्हटलं, बस. चाळीस वर्षं तुझं उष्टं मी काढलंय. तो थांबला. मी पुढे झाले, तर तोवर तिनेही वाकून त्याच पानाचं दुसरं टोक धरलं होतं. मदत करायची म्हणून असेल. आम्ही दोघी एका केळीच्या पानाची दोन टोकं धरून उभ्या होतो, मध्ये उष्टा भात, आणि मानकरी बघत होता.

“सोड,” मी म्हटलं. “तुजां तू उचल. ह्यां माजां.”

तिने सोडलं. मी पान दुमडून मागच्या दारी गेले आणि गायीसमोर टाकलं. पाठीमागे दोघांच्या हसण्याचा आवाज आला. ती काहीतरी बोलली होती, मला ऐकू आलं नाही. काय बोलली ते मी अजून विचारलेलं नाही.