मी मोडलेली पूजा

"ॲप्रन इथंच काढून ठेवा."

ओपीडीत, माझ्या पेशंटांसमोर, विश्वस्तसाहेब मला म्हणाले. बाकांवर पोटुशा बायका बसलेल्या. सदाशिव पेठेतल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. मी रागानं गुंड्या काढू लागले.

माझा गुन्हा काय? तर खंडेनवमीला मांडलेली पूजा मी मोडली.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. ऑपरेशन थिएटरात चौरंग, त्यावर निर्जंतुक हत्यारांचे बंद डबे, वर झेंडूच्या माळा. पूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, ही रीत. गुरुजी अडकलेले स्वारगेटच्या ट्रॅफिकमध्ये. आणि इकडे लोणी काळभोरहून आलेल्या बाईच्या पोटात बाळाचे ठोके मंदावत चाललेले. तिची सासू माझा हातच सोडेना. "बाई, काय बी करा, पर माझी सून वाचवा."

सिस्टर म्हणाली, "मॅडम, गुरुजी एवढ्यात येतीलच."

येतीलच! मी माळ काढली, डबा उचलला. बाळ रडलं. आई वाचली. आणि दसऱ्याची सुट्टी संपताच मी निलंबित. ना विचारणा, ना चौकशी.

"अहो डॉक्टर, तुमच्यात नसेल हे. आमच्यात असतं," साहेब अगदी शांतपणे म्हणाले. "खाली गणपतीसमोर हात जोडा, स्टाफसमोर चुकलं म्हणा. आपण विषय संपवू."

तुमच्यात. कॉलेजात आडनाव दोनदा विचारायचे, तेव्हापासून ऐकतेय. अहो, दसरा आमच्या घरी तुमच्याहून मोठा! बाबा पांढरे कपडे घालून सकाळीच विहारात जातात. पण हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. बाबांनीच शिकवलेलं, "डिग्री घे, मग बोल." डिग्री घेतली, वर आणखी एक घेतली. बोलायचं राहूनच गेलं.

खोटं कशाला सांगू, हात जोडायला निघालेही होते. तेवढ्यात बाकावरच्या एका बाईकडे नजर गेली. पोटावर हात ठेवून ती माझ्याकडेच बघत होती. हिची वेळ अशाच एखाद्या पूजेच्या दिवशी आली तर?

"माझं चुकलेलं नाही," मी म्हणाले. आवाज सगळ्या ओपीडीत गेला.

मग निलंबनाविरुद्ध कोर्ट. दुसरं कुठलं हॉस्पिटल मला उभं करत नाही. घरी बसवत नाही, नुसत्या येरझाऱ्या. हात शिवशिवतात. मला माझं काम हवंय, दुसरं काही नको.

परवा कोर्टाच्या व्हरांड्यात ट्रस्टचे वकील गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, पुन्हा असं होणार नाही, एवढं लिहून द्या. उद्यापासून कामावर या."

माझ्या वकिलांनीसुद्धा आशेनं माझ्याकडे पाहिलं. उद्यापासून!

"पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच होईल," मी म्हणाले. "हे लिहून देऊ का?"

पुढची तारीख पडली. पडू दे. ॲप्रन अजून त्यांच्याकडेच आहे. तो मी परत घालणार. चुकलं न म्हणता.