क्रेनवाली

बाळाला हात लावण्याआधी ती दोन्ही तळहात एकमेकांवर घासायची, त्यातला एक स्वतःच्या गालाला लावून बघायची आणि मग बाळालाच विचारायची, "हात लावू का रं?" तीन महिन्यांचं बाळ काय उत्तर देणार? पण ती थांबायची. बाळाने कुरकुर केली तर हात मागे घ्यायची. "बरं, नाय तर नाय. बसू जरा." आणि खरंच बसून राहायची. माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात गेली. परवानगीचे अर्ज रोज हाताखालून जायचे, पण एवढ्याशा माणसाची परवानगी घेणारं कोणी मी पाहिलं नव्हतं.

तिच्या कामाचं नाव क्रेनिओसॅक्रल थेरपी. माझ्या सुनेने, स्नेहलने, ते मला दोनदा सांगितलं. त्यातलं क्रेन तेवढं मला कळलं. आता तुम्हीच सांगा, पनवेलला राहणाऱ्या माणसाला क्रेन म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? उलव्याकडे बघावं तिकडे क्रेन, न्हावा शेव्याच्या बंदरात तर विचारूच नका. शेजारणीने चौकशी केली तेव्हा मी सांगून टाकलं, "आम्ही नातवाला क्रेनवालीकडे नेतो." हे तिच्या कानावर गेलं आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढे फोनवरसुद्धा "काकू, क्रेनवाली बोलतेय" असंच म्हणायची. वयाने माझ्या मुलीएवढी, म्हणून मीही तिला अरेतुरेच करायची.

आमच्या ईशानचं डोकं मागून उजव्या बाजूला चपटं झालं होतं. वरून पाहिलं की उजवा कान डाव्यापेक्षा जरा पुढे दिसायचा, आणि मान डावीकडे म्हणून वळायची नाही. बाळांच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. हाडांत दोष नाही म्हणाले, सारखं एका बाजूला डोकं ठेवून असं होतं. मानेचे व्यायाम करा, जागा असताना पालथं ठेवत जा. त्यांना विचारूनच आम्ही हिच्याकडे गेलो. जुन्या पनवेलमध्ये औषधाच्या दुकानावर दोन खोल्यांत तिचं क्लिनिक होतं. मूळची ती फिजिओथेरपिस्ट.

डॉक्टरांचे ते "एका बाजूला" शब्द मी मात्र घरी घेऊन आले. स्नेहलचं सिझेरियन झालेलं. टाके ओढायचे म्हणून ती बाळाला एकाच बाजूला घेऊन पाजायची. बाळ बघायला आलेल्या बायकांसमोर मी म्हणाले, "एकाच कुशीवर पाजल्यावर दुसरं काय होणार?" त्या दिवसापासून स्नेहल ईशानला टोपी घालूनच बाहेरच्या खोलीत आणायला लागली, भर मे महिन्यात. हे लिहिताना मला लाज वाटते.

पहिल्या दिवशी क्रेनवालीने ईशानच्या डोक्याखाली बोटं ठेवली आणि ठेवूनच दिली. ना चोळणं, ना दाबणं. मला वाटलं, बाईला डुलकी लागली. शेवटी न राहवून विचारलं, "तू दाबत नाहीस?"

"आई माझी दाबायची," ती म्हणाली. "आमच्या गावातल्या सगळ्या बाळांना तीच न्हाऊ घालायची. गाव विमानतळाच्या जागेत गेलं, तरी बायका तिला शोधत यायच्या. मी दाबत नाही काकू, मी नुसतं धरते."

"आणि नुसतं धरून डोकं गोल होतं?"

"माझ्या हाताने किती होतं आणि घरी कूस बदलण्याने किती, हे मला सांगता यायचं नाही. बाळ सैल पडतं, मान वळवायला त्याला सोपं जातं, एवढं मी बघितलंय. बाकीचं काम तुमच्या घरी हाय." बोलण्याच्या भरात तिचं गाव असं मधेच डोकावायचं. मला वाटलं, इतकं खरं बोलून हिचं दुकान चालतं कसं?

डोकं गोल व्हावं म्हणून मी हौसेने शिवलेली मोहरीची उशी तिने पहिल्याच दिवशी बंद केली. "एवढ्या लहान बाळाला उशी नकोच. मोहरी फोडणीला घाला." मी रागारागाने उशी उसवली आणि खरंच फोडणीला घातली. पुढे दोन महिने आमच्या घरी आमटी खायला आलेल्यांनी हे वाचू नये.

मग एकदा ती घरी आली. म्हणाली, बाळ कुठे झोपतं ते बघायचंय. ईशानची गादी पश्चिमेच्या भिंतीला लागून होती, डोकं दक्षिणेकडे. मीच ती तशी घालायला लावली होती. स्नेहलने एकदा गादीचं तोंड फिरवून बघितलं होतं, तर मी तिला चांगलंच सुनावलं होतं, उत्तरेकडे डोकं करून कोणाला झोपवतात ते माहीत आहे ना म्हणून.

क्रेनवाली खाली बसली. मग चक्क ईशानच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली आणि डावीकडे पाहिलं. भिंत. उजवीकडे पाहिलं. खिडकी, दार, पंख्याचं बटण, स्नेहलचा पलंग, मी. सगळं जग उजवीकडे. बिचारं पोर दुसरीकडे कशाला बघेल?

तिने पडल्या पडल्या माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं आणि मला कळलं की तिला कळलंय. स्नेहल दारात उभी होती. आता ही तिच्यासमोर काय बोलते म्हणून मी उगाच ईशानचं दुपटं सरळ करायला लागले.

ती उठली, पदर झटकला. "काकू, डोकं दक्षिणेकडेच राहू दे. गादी फक्त समोरच्या भिंतीला नेऊ या. तिकडून उजेड बरा दिसतो." एवढंच. आम्ही तिघींनी गादी पलीकडे नेली. आता सगळं जग ईशानच्या डावीकडे आलं. पहिल्या दिवशी तो भिंतीकडे तोंड करून रडला. आठवड्याने स्नेहल पलंगावरून बोलली, तर मान अर्धी वळली. दिवाळीपर्यंत कान एका रेषेत आले आणि टोपी कपाटात गेली.

एकदा चहा करताना मी तिला गाठलंच. "गादीचं तू स्नेहलला सांगितलं नाहीस."

"मी डोकं बघायला आलेली काकू, निवाड्याला नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण ईशानपेक्षा तिची मान जास्त आखडलीय. बघितलंत कधी?"

मी बघितलं नव्हतं. नंतर बघितलं. मी खोलीत आले की स्नेहलचे खांदे वर जायचे.

स्नेहलला खरं काय ते सांगू सांगू करत मी दिवस ढकलले. "आता यायची गरज नाय" असं म्हणून तिने ईशानला मोकळं केलं, त्यालाही महिना झाला. शेवटी एके दिवशी ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन गेले, तर क्लिनिकला कुलूप. खाली औषधवाल्याने सांगितलं, तिचा नवरा बंदरात कामाला, त्याची दुसऱ्या बंदरात बदली झाली, तिकडे दक्षिणेत कुठेतरी. करंज्यांचा डबा घेऊन मी तशीच परत आले. वाटेत रडू आलं. तिचे आभार मानायचे राहिले होते, आणि स्नेहलच्या मानेचं तिने सुचवलेलं कामही.

स्नेहल कपड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर बसले. "ईशानची गादी त्या भिंतीला मी लावली होती. म्हणून तो एकीकडेच बघायचा. मी मात्र चारचौघांत तुझ्या पाजण्यावर ढकललं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"गादी हलवली, त्याच दिवशी."

तिने हातातल्या झबल्याची दोनदा घडी घातली, दोनदा मोडली. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "आई, माझी मान फार दुखते हो."

मी तिच्या मागे जाऊन बसले. दोन्ही तळहात घासले. एक गालाला लावून पाहिला, अजून गार होता. पुन्हा घासले.

"हात लावू का?" मी विचारलं, आणि थांबले.