त्रेपन्नवरचा कूलर

"मॅडम, सगळ्यात आधी तो कूलर काढा," कमलेशभाऊ म्हणाले.

माझ्या स्टुडिओच्या स्पीकरवर 'बर्डीवर भेट' वाजत होतं आणि गाण्याच्या मागे कूलर घरघरत होता. नव्वदच्या दशकात नागपुरात कॉलेजला असलेल्या कुणालाही हे गाणं पाठ असेल. भरदुपार नावाचा बँड होता. चार पोरं, मराठीत रॉक म्हणायची, तेही मे महिन्यात, गिटारिस्टच्या घरातल्या हॉलमध्ये. कूलर बंद केला असता तर गायक दुसऱ्या कडव्यातच आडवा झाला असता, म्हणून कूलरसकट रेकॉर्डिंग झालं.

कमलेशभाऊंचे वडील गांधीबागेतले कापडाचे होलसेल व्यापारी. हौस म्हणून त्यांनी या बँडची कॅसेट काढली आणि ती तुफान चालली. आता मुलाला ती गाणी ऑनलाइन टाकायची होती. सोबत एक मोठा शो. जुना बँड, जुनी गाणी, फक्त गायक नवा.

"आणि शेंडे सर?" मी विचारलं. दिगंबर शेंडे म्हणजे भरदुपारचा आवाज. नंतर कामठीच्या एका शाळेत संगीतशिक्षक झाले, आता रिटायर.

"त्यांना बोलावणार ना. शाल-श्रीफळ देऊ. पण गायला नको, मॅडम. त्यांचा आवाज गेला, हे तर सगळ्या नागपूरला माहीत आहे."

सगळ्या नागपूरला खरंच माहीत होतं. शेंडे बँड सोडून एकटे गायले, 'उतरतं ऊन' नावाची कॅसेट आली, आणि एका पेपरवाल्यानं 'उतरतं ऊन, उतरलेला आवाज' असा मथळा दिला. मथळा इतका चपखल होता की कॅसेट ऐकायची कुणाला गरजच वाटली नाही. मथळ्यावर माणूस निकालात काढायची आपल्याला भारी हौस.

माझं काम रिस्टोरेशनचं. जुन्या टेपवरची खरखर, घरघर काढायची आणि गाणं शाबूत ठेवायचं. घरातल्या विजेचे सेकंदाला पन्नास सायकल्स असतात. कूलर, फ्रिज, ट्यूबलाइट, जे काही त्या विजेवर चालतं, त्याची घरघर टेपवर येते आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पन्नासच्या जागी एक सरळ रेघ दिसते. ती रेघ पकडायची आणि पुसायची. आम्ही तिला हम म्हणतो. हे रोजचं काम आहे, चहा पिता पिता होतं.

त्या दिवशी होईना. पन्नासवर रेघच नव्हती.

ती त्रेपन्नवर होती. मला आधी माझ्याच टेप डेकचा संशय आला. टेस्ट टेप लावून बघितली. डेक बरोबर चालत होता. म्हणजे कॅसेट बनवतानाच मूळ टेप जोरात पळवली होती. टेप पळवली की गाणं घाईत येतं आणि आवाज वर चढतो. कूलर पन्नासचा त्रेपन्न झाला होता, तसाच माणसाचा आवाजही चढला होता. पेटीवर बघायचं तर बरोबर एक पट्टी वर.

मी कमलेशभाऊंकडून 'उतरतं ऊन' मागवली. "ते कोण ऐकतं?" असं म्हणत त्यांनी पाठवली. तिथेही कूलर होताच, नागपूरच ते. पण या कूलरची रेघ पन्नासवर होती, जिथं असायला हवी तिथंच.

मग मी बँडची कॅसेट कूलरची रेघ पन्नासवर येईपर्यंत हळू केली आणि दोन्ही आवाज शेजारी शेजारी लावले. एकच माणूस. तोच जाडसर, छातीतून येणारा आवाज. काही गेलं नव्हतं, काही उतरलं नव्हतं. मला इतका राग आला की मी उठून खिडकी उघडली आणि उन्हाची झळ आत आल्यावर परत लावली.

'बर्डीवर भेट' आपण सगळे उडतं गाणं समजत होतो. गॅदरिंगला नाचायचो त्यावर. खऱ्या वेगात ते उडत नाही. बर्डीवर, भर बाजारातल्या बसस्टॉपवर, उभा राहिलेला एक माणूस आहे, ती येणार नाही हे त्याला कळलंय, आणि तरी तो तिथून हलत नाही, घरीही जात नाही. शेंडे ते तसंच गायले होते. आम्हाला पोहोचलं ते भलतंच.

एकट्याच्या कॅसेटबद्दलही खरं सांगते, कारण आता उलट टोकाला जाऊन तिला महान म्हणण्यात अर्थ नाही. कीबोर्ड स्वस्तातला आहे. दोन गाणी निव्वळ रडकी आहेत. पण तीन गाणी अशी आहेत की भरदुपारनं त्यांच्या जवळपासचंही काही केलं नाही.

कमलेशभाऊंना बोलावून सगळं ऐकवलं.

"त्या काळात लाईटचं काही खरं नव्हतं, मॅडम. कमीजास्त व्हायची."

"उन्हाळ्यात लोड वाढला की सायकल्स खाली येतात, वर नाही. आणि लाईट वाढली म्हणून माणसाचा आवाज पातळ होतो का?"

ते हसले. "बाबूजींनी कोऱ्या कॅसेटचा लॉट आधीच उचलला होता. गाणी त्यात मावेनात. म्हणून थोडं पळवलं. थोडंच! शेंडे सरांच्या एकट्याच्या कॅसेटमध्ये गाणी कमी होती, मावली."

कापड मापताना हात जरा आखडता घेतात, तसा हा हिशोब. फक्त इथे कापड नव्हतं.

"मी खऱ्या वेगातली फाईल देईन," मी म्हटलं.

"अरे, पब्लिकला तेच पाहिजे जे त्यांनी ऐकलं. तुम्ही काहून टेन्शन घेऊन राहिल्या? कूलर काढा, बाकी जसं आहे तसं राहू द्या."

"मग दुसरा इंजिनियर शोधा."

त्यांनी शोधला. मुंबईत. काम गेलं.

दोन दिवसांनी मी कामठीला शेंडे सरांकडे गेले. मला वाटलं होतं, मी त्यांच्यासाठी मोठी बातमी घेऊन चाललेय. मोबाईलवर दोन्ही आवाज लावून त्रेपन्न आणि पन्नास समजावू लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"मले काय सांगून राहिली वं? माहं गाणं मले माहीत नसन का?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"कॅसेट हातात पडली त्याच दिवशी. सगळ्यायले सांगतलं. कोणी ऐकलं नाही. मग प्रोग्रामात पोट्टे बोंबलत, 'कॅसेटसारखं गा बे!' आमच्या गिटारवाल्यानं सगळे तार चढवून घेतले. दोन वर्षं त्या उसन्या सुरात गायलो मी. गळा फाटला. डॉक्टर म्हणे, गप्प बसा. बसलो. मग आपल्या सुरात गायलो तर म्हणे आवाज उतरला."

"तुम्ही पुन्हा का नाही सांगितलं?"

"सांगतलं तर म्हणत, बहाणे करून राहिला." त्यांनी माझा मोबाईल माझ्याकडे सरकवला. "आता तू मशीन घेऊन आली, तर खरं झालं?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला. मी विचारलं, "शोला जाणार?"

"शाल घ्यायले? आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकत खुर्चीवर बसू काय?" मग म्हणाले, "मले शाल नको. माईक पाहिजे."

पण ते आले. पास अर्थातच मला मिळाला नाही, मी तिकीट काढून गेले. सभागृह भरलेलं होतं, सगळे आमच्याच वयाचे, पोटं सुटलेले. नव्या गायकानं दोन गाणी म्हटली. छान म्हटली, हुबेहूब कॅसेटसारखी. मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. आणि निवेदिकेनं, आपल्याकडे प्रत्येक सत्कारात म्हणतात तसंच म्हटलं, "सत्कारमूर्तींना विनंती, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

तिनं माईक त्यांच्या हातात दिला. पहिल्या रांगेतले कमलेशभाऊ ताठ बसले.

शेंडे सरांनी नारळ खुर्चीवर ठेवला. शाल काढून त्यावर ठेवली. मग गिटारिस्टकडे वळून म्हणाले, "एक पट्टी खाली घे बे."

गिटारिस्ट हलला नाही. सरांनी वाट बघितली नाही, तसेच सुरू झाले. 'बर्डीवर भेट', नुसत्या आवाजात, त्या जाड, छातीतल्या सुरात. मागून कुणीतरी ओरडलं, "कॅसेटसारखं गा!"

ते थांबले. "कॅसेटच चुकली होती बे," म्हणाले, आणि तिथूनच पुढे गायले.

दुसऱ्या कडव्याला गिटार आली. एक पट्टी खाली. त्या गाण्यावर नाचलेले आम्ही सगळे चिडीचूप बसून होतो. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती आणि मीही.

लोकांनी मोबाईलवर घेतलेलं ते गाणं आठवडाभर नागपूरभर फिरलं. मग कमलेशभाऊंचा फोन आला. व्यापारी माणूस, वारा लगेच ओळखतात.

"मॅडम, ती तुमची फाईल पाठवा. दोन्ही ठेवू. मुंबईवाल्याची टाकली ती ओरिजिनल, आणि तुमची स्लो व्हर्जन."

"स्लो लिहिणार असाल तर फाईल मिळणार नाही."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नका. नुसतं गाण्याचं नाव. लिहायचंच असेल तर त्या दुसऱ्यापुढे लिहा, फास्ट."

बराच वेळ काथ्याकूट झाला. मी एक शब्दही मागे घेतला नाही. 'उतरतं ऊन'सुद्धा टाकायचं, हेही त्यातच कबूल करून घेतलं. शेवटी त्यांनी विचारलं, "कूलर तरी काढला ना?"

"पहिल्या सुरापर्यंत ठेवलाय. कुणाला शंका आली तर मोजून बघता येईल."

खाली कॉमेंटमध्ये अजून लोक लिहितात, ओरिजिनलची मजा नाही. लिहू देत. इतक्या वर्षांच्या कामात मी एवढंच शिकले की गाण्यातली घाण पुसण्याआधी ती कितीवर आहे ते बघून घ्यावं.

दोन्ही नावं खाली-वर लागली त्या दिवशी मी शेंडे सरांना फोन करून वाचून दाखवली. एक 'बर्डीवर भेट', दुसरं 'बर्डीवर भेट – फास्ट'. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

मग म्हणाले, "पाह्य, मी उतरलोच नव्हतो वं. त्यायनंच चढवलं होतं."